तारनाका ते सांगवी : जुन्या पुलाकडे ओढ घेणारी गाडी

या वेळचा प्रवास मी ठरवला नाही, माझ्या तक्रारीने ठरवला. एरवी मी इथे लिहितो ते बिदरचा किल्ला बघून आल्यावर, नाहीतर कंधारला जाऊन आल्यावर. या खेपेला गाडीत शेजारी बसली होती ती गाडी बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर, मागे माझी बायको शैला, आणि आम्ही निघालो होतो देगलूरच्या पुढचा एक पूल बघायला. पूल बघून झाला की पलीकडच्या सांगवीहून माझ्या अक्काला घेऊन यायचं, असा बेत होता. पुलाचं काम कंपनीचं, अक्काचं काम माझं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी नुकता चालायला लागलो होतो. अक्काने मला कडेवर घेतलं, आणि लग्न होऊन हैदराबादेत, बरकतपुऱ्यात आली तेव्हाही खाली ठेवलं नाही. नवी नवरी आणि कडेवर भाऊ, अशी वरात आमच्या दाजींनी घरात घेतली आणि जन्मभर त्याबद्दल एक शब्द काढला नाही. तिच्याच घरात वाढलो, तिथूनच गाड्यांची सीट कव्हरं शिवायच्या कारखान्यात जायला लागलो. तोवर रस्त्यावर दोन-तीन तऱ्हेच्याच गाड्या असायच्या. मग नव्वदनंतर देश उघडला, दर वर्षी नवी गाडी यायला लागली, आणि प्रत्येकीला नवे कपडे हवे होते. ते मी शिवले. हिमायतनगरला माझं दुकान झालं, तारनाक्याला घर झालं. दाजी निवृत्त झाल्यावर दोघं त्यांच्या गावी, सांगवीला, शेतावर राहायला गेली. गेल्या वर्षी दाजी वारले. अक्काला मूलबाळ नाही. डोळ्यांनी आता तिला अंधुक दिसतं. अंगणात एकदा पडलीही. तेव्हापासून मी मागे लागलो होतो, की तारनाक्याला चल, कायमची चल. ती नाही म्हणायची नाही, पण दर वेळी काहीतरी निघायचं. कधी तुरी काढायच्या असायच्या, कधी म्हैस व्यायची असायची. शेवटी एकदा म्हणाली, पोळा झाला की येते.

आणायला मी एकटाच गेलो, नव्या गाडीतून. गाडी घेताना शोरूमच्या पोराने मला सांगितलं होतं, "साब, आप खाली बैठो, गाडी खुद संभाल लेती." म्हणजे तुम्ही नुसते बसा. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा कॅमेऱ्याने बघून गाडी आपल्या लेनमध्येच राहते, चाक बाहेर जायला लागलं तर स्टिअरिंग स्वतः आत वळवते. हैदराबादेत हे किती चालणार ते मला माहीत होतं. आमच्याकडे लेन म्हणजे रस्त्यावर काढलेली रांगोळी, ती बघायची असते, पाळायची नसते. तिथे गाडी दिवसभर टुंग टुंग करून थकते. पण हायवेला मात्र छान चालते, हे कबूल करायला हवं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काला पुढच्या सीटवर बसवलं. तिने गाठोडं मांडीवरच ठेवलं, मागे टाकू दिलं नाही. सांगवी सोडून दहा मिनिटं झाली असतील. नवा पूल आला. तिथे रस्ता उजवीकडे वळून नव्या पुलावर चढतो, आणि जुना रस्ता सरळ खाली फरशीकडे जातो. फरशी म्हणजे आमच्याकडचा ठेंगणा पूल, ज्यावरून पावसाळ्यात पाणी जातं. ती आता बंद आहे, कठडा तुटलाय, तोंडाशी मातीचा ढीग टाकलाय. मी उजवीकडे वळायला लागलो, तर स्टिअरिंगने माझ्या हातात उलटा हिसका दिला. गाडी डावीकडे, जुन्या फरशीकडे निघाली. मी जोर लावला, ब्रेक दाबला. पुढचं चाक ढिगाऱ्यात रुतून गाडी थांबली. वरून नकाशातली बाई शांतपणे सांगत होती, सरळ पुढे जा. तिच्या लेखी नवा पूल झालेलाच नव्हता.

कुणाला काही लागलं नाही. गाठोडं अक्काच्या पायाशी पडलं होतं. तिने ते उचललं आणि एवढंच म्हणाली, "बापू, गाडीच न्हाई म्हणू लालीय. मला परत सोड."

मी खूप समजावलं. यंत्र आहे, बिघडतं, म्हणालो. ती ऐकेना. सोडून आलो.

तक्रार केली ती म्हणून. मला नुकसानभरपाई नको होती, फुकट सर्व्हिसिंगची कुपनंही नकोत. चूक गाडीची होती, असं कंपनीच्या माणसाने म्हणायला हवं होतं, आणि तेही अक्कासमोर. मग तिला यायला अडचण राहिली नसती. मी हेल्पलाइनला फोन लावला, मराठीचं बटण दाबलं, पुण्याच्या मुलीने सगळं नीट विचारून लिहून घेतलं. दोन दिवसांत उत्तर आलं, की आपण सांगितलेल्या दिवशी गाडी जागेवरून हललेलीच नाही, सबब तक्रार बंद. म्हणजे मी खोटारडा. माझं डोकं फिरलं. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. तेव्हा मी त्यांना कळवलं, की आता ग्राहक मंचात भेटू. त्यावर कंपनीने ऋतुजाला पाठवलं.

ऋतुजा पुण्याची, तिशी उलटलेली, बोलायला गोड पण नजर तपासणाऱ्याची. पहाटे तारनाक्याला घरी आली तेव्हा शैलाने तिला चहा दिला आणि अक्कासाठी तयार केलेली खोलीही दाखवली. ती सगळ्यांनाच दाखवते.

निघायचं असेल तर उजाडायच्या आत निघा. बेगमपेट, कुकटपल्ली, पटणचेरू हा पट्टा सात वाजल्यानंतर ओलांडायचा म्हणजे शिक्षा आहे. संगारेड्डीच्या पुढे उजवीकडे नांदेडचा हायवे लागतो, तो आता चौपदरी झालाय. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, टोल एकापेक्षा जास्त आहेत. पेट्रोल हैदराबादेतच भरा किंवा पिटलमच्या आधी, पुढे देगलूरपर्यंत मला फारसा भरवसा वाटत नाही. दोन्ही बाजूंना कापूस आणि सोयाबीन, मधेच काळा खडक, मधेच तळं. गाडी या रस्त्यावर शहाण्या बाळासारखी चालते. स्टिअरिंगवर हात नुसता ठेवायचा. ऋतुजा मधूनमधून माझ्या हातांकडे बघत होती. मी झोपेत गाडी चालवणारा म्हातारा आहे की काय, हे तिला बघायचं असावं.

जोगीपेटच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही थांबलो. इडली बरी होती, शेंगदाण्याची चटणी त्याहून बरी. चहा पिता पिता मी तिला रस्ता दाखवत होतो. म्हणालो, "परवापर्यंत इथे एकच पट्टी होती डांबराची. समोरून बैलगाडी आली की एसटी मातीत उतरायची."

"परवापर्यंत?" ऋतुजाने चौपदरी रस्त्याकडे बघितलं.

"हौ. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा."

तिने ग्लास खाली ठेवला. "काका, गाडीने ओढलं ते कधी, म्हणून विचारलं तेव्हा हेल्पलाइनला तुम्ही काय सांगितलंत?"

"परवा."

शैला आधी हसायला लागली. आमच्या हैदराबादेत दखनी उर्दूत परसों म्हणजे आजच्या मागे दोन दिवस असं काही नसतं. काल म्हणजे काल, आणि त्याच्या मागचं सगळं परसों. आम्ही मराठी बोलतो त्यातही ते तसंच उतरलंय. हेल्पलाइनवरच्या मुलीने परवा म्हणजे परवा धरलं, दिनदर्शिकेत बोट ठेवून तो दिवस लिहिला, आणि त्या दिवशी माझी गाडी खरोखरच घराखाली उभी होती.

"ह्यांचं सगळं परवाच असतं गं," शैला तिला सांगायला लागली. "माझं बाळंतपण परवा, आणि तो पोरगा नोकरीला लागला तेही परवा. ह्यांच्या अक्काचं तर विचारूच नको. दाजी परवा गेले म्हणते, आणि लग्न होऊन बरकतपुऱ्यात आले तेही परवाच म्हणते."

ऋतुजा हसून हसून लाल झाली. मग हसू आवरून म्हणाली, "मी पुण्याहून निघताना साहेबांना सांगून आले होते, की ग्राहक खोटं बोलतोय." तिने तिथूनच ऑफिसला फोन लावला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची नोंद काढायला सांगितली. एवढी वर्षं व्यापार केला, शब्द तोलून वापरले, आणि एका साध्या शब्दाने मला खोटारडा ठरवलं. तुम्हाला कधी तक्रार करायची वेळ आली तर तारीख आकड्यात सांगा, असा माझा सल्ला आहे. हैदराबादकरांनी तर नक्कीच.

मदनूर येईतो पाट्या तेलुगूतच असतात, पण लोक भांडतात मराठीत. हद्द जवळ आल्याचं मला त्यावरून कळतं. तिथे तपासणी नाक्याशी थांबलो असताना ऋतुजाचा फोन वाजला. तिने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि पुढे बघत म्हणाली, "गाडीने डावीकडे ओढल्याचं निघालं काका. तुम्ही उजवीकडे जोर लावल्याचंही. पण का ओढलं, ते तिथे जाऊनच कळेल."

शैलाने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

देगलूरला सुशीला खाल्ला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : भिजवलेले मुरमुरे, वर कांदा, दाण्याचं कूट आणि मिरची. पोह्यांचा गरीब पण चवदार भाऊ. सोबत मिरची भजी घ्या, आणि मग पुढच्या रस्त्यासाठी नकाशावर विसंबू नका. इथे गाडीतल्या बाईला सांगवी म्हटलं की ती नदीपलीकडच्या दुसऱ्याच सांगवीला न्यायला निघते. या भागात सांगव्या किती आहेत ते देवालाच माहीत. आमची ती चिंचांची सांगवी. बाजारात कुणालाही विचारा, हात दाखवून सांगतात.

पुलाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. मला ज्या बाजूने येताना गाडीने ओढलं होतं त्याच बाजूने यायला हवं, म्हणून पुढे जाऊन गाडी वळवली. शैला खाली उतरली आणि बाभळीच्या सावलीत उभी राहिली. म्हणाली, तुमचं संशोधन होऊ दे, मला अजून सून आणायचीय. ऋतुजा स्टिअरिंगवर बसली, मी शेजारी, ज्या सीटवर अक्का बसली होती तिथे. पहिल्या खेपेला काही झालं नाही. गाडी गुमान उजवीकडे वळली आणि नव्या पुलावर चढली. दुसऱ्या खेपेलाही तेच. ऋतुजाचा चेहरा मला वाचता येत होता. कारण सापडल्याशिवाय ती गाडीची चूक म्हणणार नव्हती.

मग मला आठवलं, त्या दिवशी ऊन समोरून होतं. आम्ही थांबलो. ऊन कलेपर्यंत बाभळीखाली बसलो, शैलाने डब्यातल्या दशम्या काढल्या. पुन्हा निघालो तेव्हा सूर्य काचेवर आला होता, आणि रस्त्यावरची नवी रेघ त्या उजेडात दिसेनाशी झाली होती. दिसत होती ती जुनी. ठेकेदाराने ती वरवर खरवडून सोडून दिलेली, आणि खरवडलेली जागा उन्हात नव्या रंगापेक्षा जास्त चमकत होती. सरळ खाली, फरशीकडे.

हिसका आला तेव्हा ऋतुजा तयारीत होती, तरी तिच्या तोंडून "आई गं" निघालं. तिने गाडी सावरली, पुलावर नेऊन कडेला उभी केली. हात स्टिअरिंगवरून काढले आणि ओढणीला पुसले.

"जुनी रेघ खरी धरतेय," ती म्हणाली. "नकाशातही जुनाच रस्ता आहे. दोन्ही मिळून तिला तिकडेच न्यायला बघतात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचं बरोबर होतं काका. मी लिहीन तसं. कुणी काहीही म्हटलं तरी लिहीन."

तिने मला एक बटण दाखवलं, ते दाबलं की ही लेनची राखण बंद होते. पण गाडी पुन्हा सुरू केली की ती आपोआप चालू होते, दर वेळी दाबावं लागतं. तेही तिने तक्रारीत घातलं. खेड्यापाड्याच्या रस्त्याला लागलात की ते बटण आधी शोधा, एवढं सांगून ठेवतो.

सांगवीत शिरताना मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. मनात अक्काचं सामान लावत होतो. म्हैस शेजारच्या किशनला द्यायची, चुलीवरची मोठी पातेली बरोबर घ्यायची, तुळस मात्र कुंडीसकट न्यायची.

अक्का ओसरीवर बसली होती. गाडीच्या आवाजावरूनच तिने ओळखलं. ऋतुजाच्या चेहऱ्याला हात लावून बघितला, मग जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, दाण्याची चटणी आणि अंबाडीची भाजी, म्हणजे आमच्या तारनाक्याच्या भाजीवालीची गोंगुरा. भाकऱ्या तिनेच थापल्या. तव्यावर टाकताना, उलटताना, निखाऱ्यावर फुगवताना तिचा हात कुठेच चाचपडला नाही.

जेवणं झाल्यावर ऋतुजा तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाली, "आजी, त्या दिवशी चूक गाडीची होती. मी कंपनीतून आलेय. तिला बंद झालेला रस्ताच चालू वाटला. आता तुम्ही बिनघोर चला."

"काय म्हणू लालीय ही?" अक्काने मला विचारलं. मी पुन्हा सांगितलं. ती ऐकत राहिली. मग ऋतुजाला म्हणाली, "तिला जुना रस्ता कसा काय दिसला माय?"

"जुनी रेघ नीट पुसली नव्हती."

"मग तिची चूक कामून म्हणतीस? रेघ तर व्हतीच की."

ऋतुजा हसली. मी हसलो नाही, कारण अक्काचा हात माझा हात शोधत होता.

"बापू," ती म्हणाली, "मला यायचंच नव्हतं रे. तुला न्हाई म्हणायला तोंड होत नव्हतं. गाडी वळली तवा मला बरं वाटलं बघ."

"मग गाठोडं बांधून निघालीस कशाला?"

"तू घ्यायला आला व्हतास."

मी डोळ्यांचं काढलं. तिकडे दवाखाने आहेत, एकटी कशी राहशील, म्हणालो. आयुष्यभर गिऱ्हाइकाला पटवत आलोय, कुठला मुद्दा कधी काढायचा ते मला कळतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"हितं मला डोळे लागत न्हाईत," ती म्हणाली. "तिथं लागतील."

शैला उठून भांडी घासायला गेली. खरकटी फारशी नव्हतीच, तरी ती बराच वेळ घासत राहिली. निघताना अक्काने ऋतुजाला वाळवलेल्या अंबाडीची पुरचुंडी दिली आणि मला काहीच दिलं नाही. माझ्या गालावरून हात फिरवला, दाढी वाढलीय म्हणाली.

येताना पुलाशी मी बटण आधीच दाबलं होतं. गाडी मुकाट उजवीकडे वळली. बऱ्याच वेळाने, पिटलमच्या आसपास, ऋतुजाने हळूच विचारलं, "काका, मी हे सिद्ध केलं नसतं तर बरं झालं असतं का?"

"तुझं काम तू केलंस पोरी," मी म्हणालो. "तक्रार माझी होती."

शैला मागून म्हणाली, "ती काही नुसत्या गाडीची नव्हती. पण ते ह्यांनी हेल्पलाइनला कसं सांगायचं." मग तिनेच विषय बदलला आणि ऋतुजाला अंबाडी कशी करायची ते सांगायला लागली. आधी उकडून पाणी काढायचं, लसूण हात आखडता न घेता घालायचा. ते थेट पटणचेरूपर्यंत पुरलं.

ऋतुजाने शब्द पाळला. पुढे कंपनीचं पत्र आलं, तक्रार ग्राह्य धरलीय, यंत्रणेत दुरुस्ती करू, तसदीबद्दल दिलगीर आहोत. गाडी नेऊन दिली, नवीन काहीतरी भरून परत मिळाली. त्या पुलावर ती आता कशी वागते ते मी अजून बघितलेलं नाही, त्यामुळे हमी देत नाही. तुम्हाला या बाजूला यायचं असेल तर जरूर या. रस्ता चांगला आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. एवढं जवळ आहे, हेच मला हल्ली सोसत नाही.

पत्र आलं त्या संध्याकाळी अक्काचा फोन आला. फोन ती लावत नाही, किशनने लावून दिला असणार. कसा आहेस, जेवलास का, असं काही तिने विचारलं नाही. म्हणाली, "शैला म्हणत व्हती खोली केलीय म्हणून. कुठल्या अंगाला हाय रे?"

"उगवतीला."

"मग उन्हाळ्यात तापंल."

"पडदा लावलाय."

"कसला?"

मी उठून त्या खोलीत गेलो. पडदा बघून सांगितला : जाड आहे, हिरवा, खाली पांढरी वेल. पलंग कुठे आहे, तेही तिने विचारलं. भिंतीला टेकून, म्हणालो. पाय कुठं होतात? दक्षिणेला नाहीत, काळजी नको. खिडकीतून काय दिसतं? मी खिडकी उघडली. समोर शेजाऱ्यांचा जांभूळ आहे, त्याच्याखाली दोन पोरं क्रिकेट खेळतायत, पलीकडून रेल्वेची शिट्टी ऐकू येते. ती तिने ऐकली, बहुतेक.

"अजून सांग," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून खिडकीशी बसलो, आणि दिसेल ते सांगत राहिलो.